नकलेतले पाठभेद

जुना घरगुती संगणक समोर आला की बहुतेक जण आधी झाकणावरचे नाव वाचतात आणि त्या नावाचे सुटे भाग शोधायला निघतात. मूळ कंपनीच्या यंत्रापुरती ही रीत चालून जाते. नकलेच्या, म्हणजे ज्याला सगळे क्लोन म्हणतात त्या यंत्राच्या बाबतीत मात्र माणूस इथेच फसतो. झाकण एकाचे, आतला बोर्ड दुसऱ्याचा, रॉममधला प्रोग्राम तिसऱ्याचा, आणि मधल्या तीन-चार दशकांत ज्या ज्या कारागिरांचे हात त्यावर फिरले त्यांचे काम आणखी वेगळे. जुने संगणक दुरुस्त करण्याच्या या धंद्यात राहून माझे एक मत पक्के झाले आहे. नकल मुळासारखी किती आहे हे पाहून ती ओळखू येत नाही. ती मुळापासून कुठे कुठे हटली आहे, ते पाहिले की ओळखू येते. आणि सुटा भाग शोधताना व बसवताना जपायची गोष्ट हीच: ते हटलेपण. ‘मुळासारखे करून द्या’ या हट्टापायी ते पुसले गेले, तर यंत्र चालू होते, पण ते नक्की काय होते हे पुन्हा कुणालाही कळत नाही.

आपल्याकडचे सगळ्यात चांगले उदाहरण पुण्याचे आहे. सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम इंग्लंडमध्ये एप्रिल १९८२ मध्ये आला. त्याची सुधारित कळफलकाची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती १९८४ च्या ऑक्टोबरात आली. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून तोच संगणक परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात विकला आणि १९९० च्या सुमाराला ती बाजारपेठ आटेपर्यंत तो इथल्या घरांत जात राहिला. त्याच वर्षांत शाळांसाठीच्या ‘क्लास’ योजनेतून बीबीसी मायक्रो आले, आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये ते ‘एससीएल युनिकॉर्न’ या नावाने जुळवले जाऊ लागले. ही झाली परवान्याची भावंडे. त्यांच्याशिवाय बिनपरवान्याची, अर्ध्या परवान्याची, परदेशातून सुट्या भागांत आलेली आणि इथे कुठल्या तरी पेटीत बसवलेली यंत्रे वेगळीच. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची वाट थोडी मोकळी केली, पण मध्यमवर्गीय घराला तयार परदेशी यंत्र परवडेल इतकी नाही. त्यामुळे जे मिळेल त्यात भागवण्याची वृत्ती त्या काळच्या बोर्डांवर अक्षरशः सोल्डर झालेली दिसते.

ओळख पटवायची तर झाकण बाजूला ठेवून आधी क्रिस्टल पाहावा. तो सहसा कुणी बदललेला नसतो, आणि त्याच्या धातूच्या टोपीवर आकडा कोरलेला असतो. १४.००० मेगाहर्ट्झ आणि शेजारी ४.४३३६ असा जोड दिसला, तर घराणे स्पेक्ट्रमचे. १६.००० आणि सोबत ६५०२ प्रोसेसर असेल तर बीबीसीकडे वळावे. १४.३१८१८ हा आकडा अॅपल टू आणि आयबीएम पीसी दोन्हींच्या वंशजांत सापडतो, म्हणून तिथे प्रोसेसर पाहिल्याशिवाय बोलू नये. क्रिस्टलनंतर तारखा. बहुतेक आयसींवर चार आकड्यांचा शिक्का असतो. ८६२३ म्हणजे १९८६ च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. बोर्डावरच्या सगळ्या तारखा लिहून काढाव्यात आणि त्यांतली सर्वांत अलीकडची शोधावी, कारण बोर्ड त्याच्या आधीचा असूच शकत नाही. सॉकेटमधल्या आयसीची तारीख मात्र या हिशोबात धरू नये, ती नंतर कुणी बदललेली असू शकते. थेट सोल्डर केलेल्या आणि मागच्या बाजूला कारखान्याचा मूळ डाग तसाच असलेल्या आयसीची तारीख धरावी. केल्ट्रॉनचे कंडेन्सर, बीईएलचे किंवा सीडीआयएलचे ट्रान्झिस्टर दिसले तर जुळवणी किंवा दुरुस्ती, दोन्हींपैकी एक तरी भारतात झाली एवढे खात्रीने म्हणता येते. दोन्हींपैकी कोणती, ते पुन्हा सोल्डर सांगते. शेवटी टीव्हीला जोडायची मॉड्युलेटरची डबी पाहावी. इंग्लंडसाठी बनलेले यंत्र यूएचएफच्या छत्तिसाव्या चॅनेलवर चित्र पाठवते. इथल्या त्या काळच्या कित्येक घरांतले टीव्ही फक्त व्हीएचएफ पकडत. म्हणून डबी बदललेली असली, तर त्या बदलात यंत्राचा प्रवास नोंदलेला असतो आणि ती ‘चुकीची डबी’ म्हणून काढून टाकणे म्हणजे पुरावा फेकणे.

या साऱ्यापेक्षा भक्कम साक्ष रॉमची, आणि ती जुन्या पोथीसारखी वाचावी लागते. पुण्याच्याच भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ एवढा काळ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली. त्या कामाचे एक मूळ सूत्र असे, की दोन पोथ्यांत बरोबर मजकूर सारखा असणे फारसे काही सिद्ध करत नाही. एकच चूक दोन्हींत असली तर त्यांचे नाते सिद्ध होते. रॉमला हे सूत्र तंतोतंत लागू पडते. स्पेक्ट्रमच्या १६ किलोबाइट रॉममध्ये एक प्रसिद्ध चूक आहे. एनएमआय नावाची तातडीची हाक प्रोसेसरला आली की कुठे उडी मारायची हे ठरवणाऱ्या ठिकाणी अट उलटी लिहिली गेली आहे. एकच बाइट: हेक्स २८ हवा होता तिथे २० आहे. त्यामुळे पत्ता दिला तर यंत्र त्याकडे लक्ष देत नाही, आणि पत्ता शून्य असला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आता नकलेची रॉम वाचून त्या जागी २० सापडला, तर ती मुळावरून सरळ उतरवली आहे. २८ सापडला, तर मधे कुणीतरी जाणकार बसला होता, त्याने मजकूर समजून घेतला आणि दुरुस्त केला. याच रॉमच्या शेवटाकडे, अक्षरांच्या आकृत्या सुरू होण्याआधी, सुमारे ११७० बाइटची जागा मोकळी सोडलेली आहे. नकल करणाऱ्यांनी आपली भर घातली असेल तर ती शोधायला आधी तिथे जावे. आणि पडद्यावर उमटणारी सिंक्लेअरची १९८२ सालची ओळ बदलली आहे, कोरी केली आहे की तशीच ठेवली आहे, हे तर यंत्र सुरू केल्याबरोबर दिसते.

म्हणून या कामातला माझा कडक नियम असा आहे, की अनोळखी नकलेला वीज देण्याआधी रॉम काढून तिची प्रत करून घ्यावी. नकलांमध्ये बहुधा कारखान्यात पक्की केलेली रॉम नसते, २७१२८ सारखी इप्रॉम असते. तिच्या काचेच्या खिडकीवरचे कागदी लेबल वाळून गळून पडले असेल, तर उजेडाने आतला मजकूर पुसट होत जातो. प्रत दोनदा घ्यावी. दोन्ही जुळल्या नाहीत, तर एखादा बाइट डळमळीत झाला आहे. सुटा भाग म्हणून कोरी इप्रॉम आजही मिळते. तिच्यात काय भरायचे हे मात्र बाजारात मिळत नाही.

आता स्मृतीच्या आयसी. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ किलोबाइटसाठी ४११६ जातीच्या आठ आयसी असतात. या आयसीला तीन वेगवेगळे सप्लाय लागतात: पिन १ वर उणे ५ व्होल्ट, पिन ८ वर १२, पिन ९ वर अधिक ५. उणे ५ गेले आणि १२ चालू राहिले की या आयसी जळतात, आणि हाच या घराण्याचा नेहमीचा आजार आहे. त्यांच्या नंतर आलेल्या ४१६४ ला एकटा ५ व्होल्टचा सप्लाय पुरतो, पण तो घ्यायचा पिन ८ वर; पिन ९ ही तिची पत्त्याची वाट असते. दोन्ही सोळा पायांच्या, दिसायला सारख्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला ४११६ दुर्मीळ झाल्या आणि ४१६४ सर्रास मिळू लागल्या, तेव्हा हुशार कारागिरांनी बोर्डाचे ट्रॅक कापून, तारा ओढून ४१६४ बसवल्या. वरून पाहणाऱ्याला तो बोर्ड गबाळा दिसतो. मागून पाहिले तर पिन ८ कडे जाणारी १२ व्होल्टची वाट नखभर कापलेली, तिथे ५ व्होल्टची तार, पिन ९ स्वतंत्र बांधलेली. हे सगळे आठ वेळा, एकाच लांबीच्या तारांनी. हे काम विचारपूर्वक केलेले आहे. ‘मूळ यंत्रात ४११६ असतात’ एवढेच ठाऊक असलेल्याने इथे परत ४११६ आणून लावली, तर तिला १२ व्होल्ट मिळणारच नाहीत. उलट, न बदललेल्या बोर्डावर ४१६४ लावली तर तिच्या पाच व्होल्टच्या पायावर बारा व्होल्ट पडतील. म्हणजे भाग कोणता हवा, हे मूळ यंत्राच्या नकाशावरून ठरवता येत नाही. समोरच्या बोर्डावर मीटर लावूनच ठरवावे लागते.

यावर कुणी म्हणेल, की मुळाला काही शुद्ध रूप असते आणि त्याकडे परत नेणे हीच खरी दुरुस्ती. पण मूळ म्हणवणाऱ्या यंत्राच्या पोटात काय आहे ते पाहावे. ४८ किलोबाइटच्या स्पेक्ट्रममधली वरची ३२ किलोबाइट स्मृती ४५३२ जातीच्या आयसींची असते, आणि ४५३२ म्हणजे निम्मी खराब निघालेली ६४ किलोबिटची आयसी. चांगला अर्धा भाग कोणता, ते टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या आयसीवर शेवटच्या ३ किंवा ४ या आकड्याने नोंदलेले असते, आणि त्याप्रमाणे बोर्डावर तारेचा एक दुवा लावलेला असतो. आठही आयसी एकाच बाजूच्या हव्यात, ३ च्या आयसींत ४ ची मिसळली की स्मृती बिघडते. आज ही अर्धी आयसी शोधत बसू नये, धडधाकट ४१६४ दोन्ही दुव्यांवर चालते. प्रोसेसरही तसाच. झायलॉगचा झेड-८० असे आपण म्हणतो, पण कित्येक अस्सल स्पेक्ट्रममध्ये एनईसीचा डी७८०सी बसवलेला आढळतो. शार्पचा एलएच००८०, मोस्टेकचा एमके३८८०, पूर्व जर्मनीचा यू८८० हेही त्याच कामाचे. स्वस्तात घरापर्यंत पोचायचे तर पर्यायी आणि उणा माल वापरावाच लागतो, हे मूळ कंपनीनेही मानले होते. पुण्याच्या किंवा उल्हासनगरच्या कारागिराने तेच केले तर त्याला वेगळा न्याय लावायचे कारण नाही.

भाग शोधण्यात नकल एका बाबतीत मुळापेक्षा सोयीची असते. अस्सल स्पेक्ट्रमची नस म्हणजे फेरांटी कंपनीने बनवलेली यूएलए ही एकच आयसी. चित्र, कळफलक, कॅसेट, घड्याळ सगळे तिच्यात. ती गेली की तिच्या जागी दुसरी अस्सल मिळणे कठीण, कारण फेरांटी १९९३ मध्येच बुडाली. सोव्हिएत प्रदेशातल्या लेनिनग्राड आणि पेंटॅगॉन यांसारख्या नकलांत ही आयसी नव्हतीच. तिथल्या अभियंत्यांनी तिचे काम साध्या टीटीएल आयसींच्या भाऊगर्दीत वाटून टाकले. बोर्ड मोठा झाला, पण त्या गर्दीतली जवळजवळ प्रत्येक आयसी म्हणजे आपल्या ७४ क्रमांकाच्या मालिकेतली, आजही दुकानात मिळणारी. त्यांच्या के१५५एलए३ च्या जागी आपली ७४०० चालते. २०१० मध्ये ख्रिस स्मिथ यांनी यूएलएची आतली रचना पुस्तकरूपाने उलगडून दाखवली आणि तेव्हापासून मूळ यंत्रासाठीही पर्यायी तुकडे बनू लागले. नकलेचे घराणे या वाटेने आधीच जाऊन आले होते.

आता भाग मिळतात कुठे, ते. ठाणे जिल्ह्यातल्या जांभूळ गावाला लोक एमआयडीसीच्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे ओळखतात, पण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर टप्प्यात असल्याने या कामाला हे गाव सोयीचे आहे. भाग शोधायचा म्हणजे सगळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडकडे बोट दाखवतात. नवी इप्रॉम, टीटीएल आयसी, सॉकेट, क्रिस्टल यांसाठी ते ठीक आहे. ऐंशीच्या दशकातला माल हवा असेल तर भंगारातच जावे, आणि संगणकाच्या भंगारापेक्षा कारखान्याच्या भंगारात. अंबरनाथच्या आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत जुने नियंत्रक पॅनेल बदलले जातात, तेव्हा त्यांच्या कार्डांवर झेड-८०, त्याचे साथीदार आणि इप्रॉम सापडण्याची शक्यता असते, कारण हा प्रोसेसर यंत्रे चालवण्यासाठी जगभर वापरला गेला. जुन्या एक्सटी संगणकाच्या मदरबोर्डवर ४१६४ च्या नऊ-नऊ आयसींच्या रांगा असतात, आठ स्मृतीच्या आणि नववी चूक पकडण्यासाठी. स्पेक्ट्रमच्या वरच्या स्मृतीला आठ लागतात, एक राखीव राहते. २०२४ मध्ये झायलॉगने मूळ झेड-८० च्या शेवटच्या मागण्या स्वीकारून ते उत्पादन थांबवले, त्यामुळे या कार्डांची किंमत आता वाढणारच. इथल्या भागांबाबत दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. रासायनिक कारखान्यांच्या गंधकयुक्त हवेत चांदीचा मुलामा असलेले आयसीचे पाय काळे पडतात. आयसी आतून चांगली असूनही सॉकेटमध्ये संपर्क देत नाही, पाय साफ केले की चालते. आणि २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचे पाणी जिथवर चढले, तिथला माल वरून कोरडा दिसला तरी सॉकेटच्या आत गंजलेला असू शकतो.

उल्हासनगरच्या मालाला ‘मेड इन यूएसए’, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, म्हणून हिणवण्याची जुनी खोड महाराष्ट्राला आहे. लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर येऊन पडलेल्या सिंधी कुटुंबांनी, १९४९ मध्ये नाव मिळालेल्या या शहरात, हातात आलेली वस्तू उघडून ती कशी बनली हे शिकून घेतले आणि त्यावर पोट भरले. तो गुण या कामात फार मोलाचा आहे. तरीही आक्षेप घेणारे विचारतात, की नकल ही चोरीच, तिचे एवढे कौतुक कशाला? परवान्याने बनलेली यंत्रे या आक्षेपात बसत नाहीत, हे आधी नोंदवले पाहिजे. डेसिबेल्सचे यंत्र आणि गल्लीत उतरवलेली रॉम यांना एका तराजूत घालणे अन्यायाचे आहे. बिनपरवान्याच्या नकलेचे समर्थन मी करत नाही. रॉममधला प्रोग्रामही लेखनासारखाच संरक्षित असतो, हे अॅपल विरुद्ध फ्रँकलिन खटल्यात अमेरिकेतल्या न्यायालयाने १९८३ मध्ये स्पष्ट केले, आणि आपल्या कॉपीराइट कायद्यातही १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचे प्रोग्राम आले. पण चाळीस वर्षांनी एखादी वस्तू पुरावा म्हणून तपासताना ती कशी बनली याबद्दलची नापसंती तपासाच्या आड येऊ देऊ नये. अनधिकृत नकल तर जास्तच बारकाईने वाचावी लागते, कारण तिची ना जाहिरात उरली, ना नकाशा, ना पावती. तिचे सगळे दप्तर म्हणजे तो बोर्ड.

दुसरा आक्षेप इम्युलेटरचा. मोबाइलवर स्पेक्ट्रमचे खेळ फुकट चालतात, मग ही धडपड का? खेळ खेळायचा असेल तर इम्युलेटर उत्तम आहे, तो वापरावाच. पण इम्युलेटरला जी रॉम माहीत आहे तीच तो चालवतो. अनोळखी नकलेची रॉम आधी कुणीतरी हाताने काढून वाचलेली असावी लागते. बोर्डावर कापलेले ट्रॅक, बदललेला सप्लाय, व्हीएचएफची डबी हे तर कुठल्याच फाइलमध्ये नसते.

सगळ्यात वजनदार आक्षेप भंगारवाल्याचा आहे आणि त्याला मी सहज उडवून लावणार नाही. त्याचे पोट वजनावर चालते. बोर्डाचा त्याला किलोने भाव मिळतो, आणि एका आयसीसाठी तो बोर्ड वेगळा काढून ठेवण्यात त्याचा वेळ जातो. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांची नोंदणी आणली, पण नोंदणीकृत साखळीतही बोर्ड शेवटी चुऱ्यासाठीच जातो. इथे उपदेशाचा उपयोग नाही. कारखान्याचे पॅनेल निघते त्या दिवशी भंगाराच्या भावापेक्षा थोडे जास्त देऊन पूर्ण कार्ड उचलावे. आयसी उपटून मागू नये, कारण घाईत उपटताना तिचे पाय मोडतात आणि सोबतच्या आयसींच्या तारखा हरवतात. आणि बदलताना जी आयसी निघेल ती यंत्राबरोबर पाकिटात ठेवावी, जागा आणि तारीख लिहून. नव्या आयसीसाठी सॉकेट बसवावे, म्हणजे उद्या दुसऱ्याला आपला निर्णय फिरवता येईल.

ही सगळी पद्धत एका जातीच्या नकलेपाशी येऊन अडते, आणि ती जात इथल्या घरांत सगळ्यात जास्त गेली असावी. नव्वदच्या दशकातले कळफलकवाले टीव्ही-खेळ, ‘शिक्षणाचा संगणक’ म्हणून विकलेले, आत निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नकल. त्यांतल्या सुरुवातीच्या यंत्रांत यूए६५२७ आणि यूए६५२८ अशा वेगळ्या आयसी असत, त्या वाचता येत. नंतरच्या यंत्रांत सगळे मिळून काळ्या इपॉक्सीचा एक थेंब बोर्डावर टाकलेला. त्यावर ना नाव, ना तारीख, ना पाय. क्रिस्टलवर २६.६०१७ दिसला तर यंत्र पाल पद्धतीच्या टीव्हीसाठीचे, २१.४७७ असला तर दुसऱ्या बाजारासाठी बनून इकडे आलेले. कार्ट्रिजच्या खाचेत साठ पितळी पट्ट्या मोजल्या तर घराणे जपानी फॅमिकॉमचे. त्यापलीकडे थेंब काही सांगत नाही आणि तो दुरुस्तही होत नाही. अशा यंत्राचा सुटा भाग म्हणजे तसेच दुसरे यंत्र. म्हणून थेंबवाली यंत्रे बंद असली तरी भंगारात देऊ नयेत, जोडीने ठेवावीत: एकाचा थेंब गेलेला असतो, दुसऱ्याचा कळफलक, आणि दोन्हींचे बोर्ड शेजारी ठेवले की निदान एवढे तरी कळते, की ती एकाच कारखान्यातून निघाली होती की नाही.